श्रद्धेला अंकुर फुटू नये म्हणून घ्यायची काळजी

बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे दृष्टांत, तुम्ही ऐकलाच असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. एक माणूस बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं टिपून नेतात. काही खडकाळीवर पडतं, झटकन उगवतं आणि मूळच नसल्यामुळे उन्हात करपून जातं. काही काटेरी झुडपांत पडतं आणि झुडपं त्याची वाढ खुंटवतात. उरलेलं चांगल्या जमिनीत पडतं, तिथे तीसपट, साठपट, शंभरपट पीक येतं. मत्तय, मार्क, लूक या तिघांनीही हा दाखला लिहून ठेवलाय. शिवाय येशूने स्वतःच त्याची फोड करून सांगितली आहे: बी म्हणजे देवाचं वचन आणि जमीन म्हणजे ऐकणारा माणूस. म्हणजे अर्थ लावायचे कष्टही आपल्याला उरलेले नाहीत.

तरीसुद्धा दरवर्षी हा दाखला ऐकून एखाद-दुसऱ्याच्या आत खरोखरच काहीतरी रुजतं, आणि मग घरच्यांचे हाल सुरू होतात. तो भावावरचा जमिनीचा दावा मागे घेतो, विसरलेली उसनवारी शोधून शोधून फेडतो, ज्याच्याशी बारा वर्षं बोलणं नाही त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे चार शब्द. मी गेली चाळीसेक वर्षं हा दाखला ऐकतोय आणि माझ्या केसालाही धक्का लागलेला नाही. तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

आधी चर्चमध्ये बसायच्या जागेचं बघा. मागून तिसरा बाक, भिंतीकडची बाजू. तिथून अख्खी मंडळी पाठमोरी दिसते आणि पाठीवरून माती फार छान ओळखता येते. पाळकसाहेबांनी ‘वाटेवरचं बी’ म्हटलं की नजर फिरवायला सुरुवात करायची. खिडकीपाशी बसलेला तो पोरगा म्हणजे वाट, तीही डांबरी. पुढच्या रांगेतले रिटायर्ड साहेब म्हणजे खडक, सुरुंग लावला तरी फुटायचे नाहीत. गायनात सगळ्यांच्या वर आवाज लावणाऱ्या बाई म्हणजे काटे. दोन फ्लॅट झालेत, तिसऱ्याचं बुकिंग चालू आहे. दाखला ऐकताना आपण जमीन व्हायचं नसतं, तलाठी व्हायचं असतं. आशीर्वाद होईपर्यंत सगळ्या मंडळीचा सातबारा तयार झाला पाहिजे, आणि त्यात आपला गट नंबर कुठेही येता कामा नये.

अगदीच कुणी खोदून विचारलं तर स्वतःला चांगल्या जमिनीत टाका, पण शंभरपटीत नको. ‘आपलं तीसपटच चाललंय, प्रभूची कृपा,’ असं म्हणावं. म्हणजे नम्रताही झाली आणि पीकही पदरात पडलं.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. शेजारी खऱ्या शेतकऱ्याला बसू देऊ नका. आमचे एक मामा निफाडकडचे. द्राक्षबाग आहे, कांदा आहे, घरापुरता गहू असतो. एका रविवारी ते माझ्या शेजारी येऊन बसले. शंभरपटीचा उल्लेख आला तसे माझ्या कानाशी लागले.

“एकरी चाळीस किलो गहू पेरला नि सोळा क्विंटल झाला, तर कितीपट?”

“चाळीस,” मी म्हणालो. मी तेव्हा गायनातल्या बाईंवर होतो.

“मग शंभरपट म्हणजे एकरी चाळीस क्विंटल. तेही हाताने फोकून! पाभर नाही, काही नाही.” थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बी काय भाव पडतं, माहितीये का? आन् हा गडी रस्त्यावर, दगडावर, काट्यात, कुठंबी फेकत चाललाय. याच्या कोठाराला तळ नसला पाहिजे.”

इतकी वर्षं संदेश ऐकले, पण पेरणाऱ्याच्या हाताकडे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी मातीच बघत होतो, तीही दुसऱ्यांची. असल्या बोलण्याने चित्त विचलित होतं. त्या दिवशी माझ्या नऊ जणांच्या नोंदी राहून गेल्या.

आता वाट कसं व्हायचं ते सांगतो. याबाबतीत नाशिककरांइतकी सोय दुसऱ्या कुणाला नाही. १८५४ साली विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने इथे शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहायची, शिकायची. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये प्रसिद्ध मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पार आतल्या भागात वारला, तेव्हा त्याचं शव पायी चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत हा जेकब होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तिथेही तो हजर होता. आपल्या शरणपुरात शिकलेला पोरगा! आणि आज ‘शरणपूर’ म्हटल्यावर तुमच्या तोंडून पुढचा शब्द कोणता येतो? ‘रोड’. गाव होतं, त्याचा रस्ता झाला. आता तिथून जाताना आपल्याला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे पार्किंग. माणसाच्या आतही नेमकं हेच साधायचं असतं. कष्ट काही नाहीत, रहदारी तेवढी थांबू द्यायची नाही.

पाखरांचीही चिंता नको, ती आपोआप येतात. शेवटचं गीत संपणं आणि स्कूटरची किल्ली सापडणं यांमध्ये साधारण चार मिनिटं असतात. तेवढ्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत कोण उभं राहतंय, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं आणि माइकची घरघर मुद्दाम कोण दुरुस्त करत नाही, एवढं सगळं उरकतं. मग घरी आल्यावर कुणी विचारलं, ‘संदेश कशावर होता?’ तर उत्तर तयार असतं: ‘चांगला होता.’

खडकाळीविषयी फार सांगत नाही, ती ज्याला त्याला जमते. संजीवन सभेत हात वर करा, रडू आलं तर उत्तम. एक जानेवारीला अख्खं पवित्र शास्त्र वर्षात वाचून काढायचं ठरवा. ११८९ अध्याय आहेत, दिवसाला सव्वातीन पडतात. पहिलं पुस्तक उत्पत्ति भराभर जातं, निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत मजा येते, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात आणि लेवीयाच्या सुरुवातीला तुम्ही कायमचे वस्तीला थांबता. माझी खूणपट्टी तिथे सलग सहा वर्षं आहे.

खरी कला काट्यांची. येशूने त्यांची नावंही सांगितली आहेत: संसाराची चिंता आणि पैशाचा मोह. पहिलं काम म्हणजे त्यांना काटे म्हणायचं नाही. फ्लॅटचा हप्ता, मुलाचा कोचिंग क्लास, गंगापूर रोडला घेऊन ठेवलेला प्लॉट, या सगळ्यांना ‘जबाबदाऱ्या’ म्हणावं. फार वाढल्या तर ‘आशीर्वाद’ म्हणावं, आणि त्यांच्यासाठी मंडळीत उभं राहून साक्षही द्यावी. काट्यांची मोठी सोय अशी की त्यांच्यात बी मरत नाही. दाखला नीट वाचा. पाखरांनी खाल्लेलं गेलं, उन्हात करपलेलं गेलं, पण काट्यांतलं फक्त फळ देत नाही. रोप हिरवं राहतं, नाताळच्या फोटोत उठून दिसतं. श्रद्धेची याहून सभ्य अवस्था मला तरी माहीत नाही.

तिला धोका एकाच गोष्टीचा असतो: कात्री. द्राक्षाच्या मुलखात राहून हा धोका टाळणं कठीण. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. चांगली डेरेदार, मांडवभर पसरलेली बाग हे लोक स्वतःच्या हाताने बोडकी करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, घरात काही वाईट घडलंय की काय. मामांना विचारलं तर म्हणतात, “पाला विकायचाय का मला?” योहानाच्या शुभवर्तमानात येशूने स्वतःला द्राक्षवेल आणि बापाला माळी म्हटलंय, आणि फळ देणाऱ्या फांदीलाही तो छाटतो असं स्वच्छ सांगितलंय. हा भाग पिंपळगाव-दिंडोरीकडच्या लोकांना समजावून द्यावा लागत नाही, हीच अडचण. तेव्हा मंडळीत छाटणीचा विषय निघाला की ताबडतोब द्राक्षांच्या बाजारभावावर यायचं. डावणी-भुरीसारखे रोग, अवकाळी, निर्यातीचा माल कसा परत आला... दहा मिनिटांत सगळे सरकारवर घसरतात आणि कात्री जिथल्या तिथे राहते.

घरात बी मात्र भरपूर ठेवा. भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, फ्रिजवर वचन, कपावर वचन, मोबाइलवर पहाटे साडेपाचला पंचवीस जणांना पाठवायचं वचन. पेरायचं नाही, पाकिटातच ठेवायचं. फक्त मामांना यातलं काही दाखवू नका. कांद्याचं उळं, म्हणजे बी, वर्ष उलटलं की नीट उगवत नाही, त्यामुळे शिल्लक पाकीट दिसलं की ते आधी तारीख बघतात.

एवढी काळजी घेऊनही दगाफटका होऊ शकतो, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. बाई आपल्या सोवळ्यावर ठाम. माझ्यासारख्या कुणी तेव्हा मागच्या बाकावरून बघितलं असतं तर डोळे मिटून ‘खडक’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. पुढची पाच वर्षं तो शेरा बरोबरही दिसला असता. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि टिळकांच्या मृत्यूने अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य याच बाईंनी, ज्यांचं शिक्षण घरातच काय झालं तेवढं, पुढचे ६४ अध्याय रचून पुरं केलं. लूकमध्ये दाखल्याची फोड करताना चांगल्या जमिनीबद्दल पटींचा आकडा येत नाही, ती धीराने फळ देते एवढंच म्हटलंय. धीर ही गोष्ट परीक्षणाच्या कोष्टकात बसत नाही, म्हणून मी तो शब्द सोडून वाचतो.

शेवटचा इशारा: रविवारी दुपारी शेतावर जाऊ नका. मी फेब्रुवारीत गेलो होतो. मामा कांद्यात खुरपत होते. मी सहज बोलून गेलो, की एकाच शेतात वाट, खडक, काटे आणि काळी माती, असली भानगड फक्त दाखल्यातच असते. ते हसले. बांधावरच्या दगडांच्या ढिगाकडे बोट केलं. “हे सगळे आतनं काढलेत. आमच्या आज्यापासनं. अजून निघतात.” आणि माझ्या हातात खुरपं दिलं.

तासाभरात मी अर्धा वाफा काढला. लव्हाळा भराभर निघत होता, मला माझंच कौतुक वाटायला लागलं. (तुकोबांनी लव्हाळ्याचं गुणगान केलंय खरं, पण तो पुराचा प्रसंग होता, खुरपणीचा नव्हे.) मामा माझ्या मागून आले, वाकले, मी साफ केलेल्या जागेत बोट घातलं आणि एक काळी, हरभऱ्याएवढी गाठ वर काढली. मग दुसरी. मग तिसरी. मी नुसती पाती ओरबाडत आलो होतो. काही बोलले नाहीत. गाठी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

फेकायला जागा दिसेना म्हणून मी त्या खिशात टाकल्या. सोमवारी पँट धुवायला काढताना बायकोला सापडल्या. तिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, मामांनी दिलंय. तिला वाटलं, कसल्यातरी फुलाचे कंद असतील. गुलाबाच्या कुंडीत लावले, रोज सकाळी न चुकता पाणी घालते. पंधरा दिवसांत छान तरारलेत. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.