२३ मिनिटांचं ते विमान आहे तरी कुठे?

डोक्याला नुसता ताप आहे! विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एका संकेतस्थळाला साधा प्रश्न विचारला होता: या छोट्या विमानतळावरून त्या छोट्या विमानतळावर पोचायला किती वेळ लागतो? उत्तर तत्काळ हजर. अंतर ३०० किलोमीटर, प्रवास २३ मिनिटं. वा! तिकीट बघायला गेलं तर या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही. आधी भलत्याच दिशेला मोठ्या शहरात जा, तिथे खुर्चीत अवघडून बसा, दुसरं विमान पकडा आणि ज्या गावावरून आलात जवळपास त्याच्याच डोक्यावरून परत या. सगळा दिवस गेला. आणि पलीकडे घ्यायला येणारे विचारतात, ‘अर्ध्या तासाचा तर प्रवास, सकाळी निघून संध्याकाळ कशी होते?’ आता यांना काय सांगायचं, कपाळ!

हे २३ आलं कुठून? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश उचलले, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली, गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढलं आणि ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने भागलं. झालं. शाळेत हौदाला दोन नळ असायचे ना, तसलं गणित. तिथे निदान हौद तरी होता, इथे विमानच नाही. कुणी शहाणा त्यात सरसकट अर्धा तास मिळवतो आणि स्वतःला फार व्यवहारी समजतो. अंतराचीही तीच रड: एक जण १८६ मैल म्हणतो, दुसरा १६२. दुसऱ्याचे सागरी मैल असतात, साध्या मैलापेक्षा लांब, पण ते लिहायचे कष्ट कोण घेणार!

बरं, धरून चालू की थेट विमान आहे. पण अशा मार्गावर बहुधा एटीआर-७२ सारखं पंख्याचं विमान असतं, ताशी ५०० च्या आसपास जाणारं. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ३६ मिनिटं. जेट आणलं म्हणून फार फरक पडत नाही, इतक्या कमी अंतरात ते धड वर पोचेपर्यंत उतरायची वेळ होते. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या समोर करायचं, म्हणजे जायचं पूर्वेला आणि निघायचं पश्चिमेला, मग वळसा. उतरताना गर्दी असली की आकाशात घिरट्या. नेहमीच्या घिरटीच्या एका फेरीला ४ मिनिटं लागतात. २३ पैकी ४! आणि जमिनीवर रांगत धावपट्टीपर्यंत जाणं, दार बंद करून नुसतं उभं राहणं, हे तर कुणाच्या खिजगणतीतच नाही.

खरी वेळ काही गुपित नसते हो. विमान कंपनीच्या वेळापत्रकात छापलेली असते, जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची, वर थोडी ढिलाई धरून. (ती ढिलाई हा वेगळाच संतापाचा विषय आहे. उशिरा निघायचं आणि ‘वेळेवर पोचलो’ म्हणून मिरवायचं.) पण ते वेळापत्रक उघडून बघायचं कुणी? त्यापेक्षा जगातल्या कुठल्याही दोन टिंबांना पट्टी लावून ‘विमानप्रवासाचा वेळ’ म्हणून ठोकून देणं सोपं.

‘थेट विमान नाही’. तीन शब्द. एवढं लिहायला हात झिजतात का? पण मग पान रिकामं दिसेल, आणि जाहिराती चिकटवायच्या कुठे!