जुन्या मोटरसायकलचा पार्ट बनवून घेण्याची रीत

जुनी मोटरसायकल घेतलीत, अभिनंदन. तिचा जो पार्ट तुम्हाला हवा आहे तो कारखान्याने केव्हाच बंद केलाय. बहुधा कारखानाही बंद झालाय. तो पार्ट बनवून देणारा माणूस कुठल्याशा शेडमध्ये लेथपुढे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापुढे, एकटाच उभा असतो. फोन तोच उचलतो, बिल तोच करतो, पार्सलही तोच बांधतो. म्हणजे त्याच्यापाशी वेळच वेळ आहे. संकोच करू नका.

फोन लावा आणि "बीएसएचा एक बुश पाहिजे" एवढंच म्हणा. बीएसए ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल आणि बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, बाकीचं त्याने ओळखावं. मॉडेल कुठलं? "जुनं." साल? "टाकी काळी आहे." इंजिन नंबर मागितला, तर घरावर धाड पडल्यासारखे गप्प व्हा. कार्ब्युरेटर मूळचाच आहे, हे मात्र छातीठोक सांगा. अमल कंपनीचा मोनोब्लॉक कार्ब्युरेटर 1955चा आणि काँसेंट्रिक 1967चा, एकाचे बहुतेक भाग दुसऱ्याला लागत नाहीत, पण ती डोकेदुखी त्याची.

माप फुटपट्टीनेच घ्या. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावणं म्हणजे स्वतःच्या नजरेवर अविश्वास. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1841 साली आट्यांना शिस्त लावली तेव्हा कोन 55 अंशांचा ठेवला, पुढे अमेरिकी आणि मेट्रिक आटे 60 अंशांचे झाले. पाव इंची बोल्टाला व्हिटवर्थचेही इंचाला 20 आटे आणि अमेरिकी पद्धतीच्या जाड आट्यांचेही 20च. त्यामुळे बोल्ट निमूट आत जातो आणि आपल्याला यातलं कळतं अशी आपली खात्री पटते. अर्ध्या इंचावर मात्र एकाचे 12 आणि दुसऱ्याचे 13. तिथे पान्याला पाइप लावा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे सोलून बाहेर आले की लगेच फोन करा आणि त्याच्या बोल्टाने तुमचं इंजिन खाल्लं म्हणून सांगा.

नमुना पाठवायचा असेल तर माझा अनुभव घ्या. मी एकदा झिजलेला बुश पाठवला, सोबत चिठ्ठी : "अगदी असाच हवा." अगदी तसाच आला. शतांश मिलिमीटरपर्यंत झिजलेला. तीन आठवडे मी वाद घातला. कोणत्या शाफ्टवर बसायचाय हे त्याने दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा "तुम्हाला माहीत असेलच" म्हणालो होतो, ही गोष्ट मी त्या वादात काढली नाही. शेवटी त्याने उत्तरादाखल माझ्याच चिठ्ठीचा फोटो पाठवला. अक्षर फार चांगलं आलं होतं.

ओतीव कव्हर हवं असेल तर जुन्या कव्हरचाच साचा करायला लावा. ॲल्युमिनियम थंड होताना शंभर मिलिमीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर आकसतं, म्हणून साचे करणारे मुद्दाम वाढीव खुणांची पट्टी वापरतात. हे उघडउघड मापात पाप आहे, खपवून घेऊ नका. स्क्रूची भोकं जुळली नाहीत तर तुमच्याकडे कानस आहेच.

क्रोमवाल्याशी घासाघीस करताना विचारा, "एवढ्याशा थराचे इतके पैसे?" थर खरोखरच मायक्रॉनहून पातळ असतो. त्याखाली निकेल आणि बहुधा तांबं असतं, आणि त्याआधी तासन्‌तास पॉलिश, पण ते दिसत नाही. न दिसणाऱ्याचे पैसे कोण देतं?

भावाचा प्रश्न वजनावर सोडवावा. "यात लोखंड आहे किती?" हा प्रश्न कधीच वाया जात नाही. एका नगासाठी मशीन लावायला जेवढा वेळ जातो तेवढाच पन्नास नगांना जातो, असं तो सांगेल. मग उत्साहाने म्हणा, "पन्नास काढा, माझे मित्र आहेत." तो पन्नास काढेल. तुम्ही एक घ्या. मित्रांनी गाड्या विकल्या.

ॲडव्हान्स दिल्यावर रोज सकाळी विचारपूस करा, दुपारी फोटो मागवा, संध्याकाळी डिझाइन बदला. उशीर झाला की एक तारा द्या आणि खाली लिहा : काम उत्तम, पण माणूस फोन घेत नाही.

एक दिवस शेड बंद झाल्याचं कळेल. त्या दिवशी असे कारागीर आता राहिले नाहीत म्हणून चार भावपूर्ण ओळी लिहा. मग आडून चौकशी करा, लेथ कुणी घेतला? आणि त्याच्या कपाटात एकोणपन्नास बुश पडून होते, ते भंगारात गेले नसतील ना? तुमच्या बुशात पुन्हा खुळखुळ यायला लागलीय.