नाना हिस्पॅनिक कधी झाले?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

नानांच्या (माझे सासरे) डिस्चार्जचे कागद आज इथल्या, अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या पोर्टलवर (रुग्णांच्या वेबसाइटवर) आले. पहिलीच ओळ: ७४ वर्षांचे हिस्पॅनिक गृहस्थ, छातीत दुखत असल्याची तक्रार. हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिका-स्पेनकडचे! पुढे औषधं बरोबर, ॲलर्जी बरोबर. फक्त माणूसच दुसरा!

हे कुठे झालं तेही मला माहितीये. इमर्जन्सीच्या काउंटरवर मी नानांच्या शेजारीच उभी होते. त्या बाईंनी जन्मतारीख विचारली, इन्शुरन्सचं कार्ड मागितलं, माझा फोन नंबर घेतला. मग मान वर करून नानांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि वंशाच्या रकान्यात क्लिक. विचारलं काही नाही. रात्री चाकांच्या स्टँडवरून दुभाष्याचा स्क्रीन खोलीत आला आणि त्यातला माणूस नानांशी धडाधड स्पॅनिश बोलायला लागला, तेव्हा आम्ही हसलो होतो. नानांनी तर त्याला हात जोडून नमस्कार केला. आज हसू येत नाहीये.

कारण हा रकाना नुसता सरकारी सोपस्कार नाही. हृदयविकाराचा धोका ठरवताना दक्षिण आशियाई वंश ही धोका वाढवणारी बाब धरा, असं अमेरिकेतल्याच २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) द्यायचं की नाही, असं काठावर असेल तर त्याने पारडं झुकू शकतं. आणि छातीत दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाचं नेमकं हेच चुकवायचं?

ठीक आहे, काउंटरवर रांग असते, आणि वंश विचारला की काही लोक अंगावर येतात. म्हणून चेहरा बघून ठरवायचं? हे रकाने सरकारने १९७७ मध्ये ठरवले, १९९७ मध्ये सुधारले, आणि शक्यतो माणसालाच विचारा असं त्यात स्पष्ट आहे.

वंश रक्त तपासून सापडत नाही, हेही मला कळतं. नवरा तेच ऐकवतोय सकाळपासून. पण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधला कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा हुकवतो, हे २०२० मध्ये उघड झालं ते कशामुळे? रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या म्हणून. त्या नोंदी अशा अंदाजपंचे भरलेल्या असतील तर पुढचं काय डोंबल कळणार! इथल्या मूळ रहिवाशांचं तर अजून वाईट. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कित्येकदा ‘व्हाइट’ लागतं, आणि मग त्यांचा मृत्युदर कागदावर कमी दिसतो. मेल्यावरसुद्धा मोजत नाहीत नीट.

नानांना दाखवलं तर म्हणाले, “अगं, उपचार चांगले केले ना त्यांनी? त्या बाईंची नोकरी नको घालवूस.” खरंय. त्या बाईंवर माझा राग नाहीच. पाठीमागे एवढी माणसं उभी असताना हा प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांना कुणी शिकवलं तरी असेल का?

म्हणून शांतपणे रेकॉर्ड विभागाला फोन केला. उत्तर काय मिळालं माहितीये? “सिस्टीममध्ये ही माहिती रुग्णाने स्वतः दिली अशी नोंद आहे.” स्वतः! म्हणजे अंदाज त्यांचा आणि सही आमची. उद्या कुणी या डेटावर अभ्यास करेल तेव्हा नानांची नोंद त्यात एकदम खात्रीलायक म्हणून बसलेली असेल.

आता दुरुस्तीचा अर्ज भरलाय. त्यातही पर्याय नुसता ‘एशियन’. जपानी, फिलिपिनो आणि आपण, सगळे एकाच टोपलीत. त्या सरकारी रकान्यांच्या २०२४ च्या सुधारणेत ‘एशियन इंडियन’ वेगळं विचारायचं ठरलंय, पण या फॉर्मपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. मी कडेच्या मोकळ्या जागेत लिहून आलेय.

इथे राहणाऱ्यांनो, आज घरातल्या ज्येष्ठांचं पोर्टल उघडा, वैयक्तिक माहितीत जा आणि काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा. ‘अमेरिकन इंडियन’ (म्हणजे इथले मूळ रहिवासी) निघालेले किती जण आहेत, ते मला बघायचंच आहे.