‘औषधांसोबत रेकी घेतली तर बिघडलं कुठे?’

‘औषधं चालूच ठेवा, फक्त जोडीला रेकी घ्या’ असं सांगणारा एक फॉरवर्ड सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. रेकी म्हणजे अंगावर किंवा अंगाजवळ हात धरून ‘ऊर्जा’ द्यायचा उपचार. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे यांचं त्यात नावही नाही, म्हणून एरवी अशा गोष्टींना हसणारी मंडळीही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात. दावे असे: अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलांत रेकी देतात, हातांतून निघणारी ऊर्जा विज्ञानाने मान्य केली आहे, प्रार्थनेने हृदयरोगी लवकर बरे होतात हे सिद्ध झालंय, आणि औषधांसोबत घेतल्यावर नुकसान तर काहीच नाही. शेवटी ‘स्वतः अनुभव घ्या’ आणि मोबाइल नंबर.

हॉस्पिटलांचं खरं आहे. क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या ठिकाणी रेकी मिळते. ती पेशंटला जरा शांत वाटावं म्हणून, गाठ विरघळावी म्हणून नव्हे. आपल्याकडे हॉस्पिटलच्या आवारात गणपतीचं देऊळ असतं; आरतीने किडनी सुधारते असं त्यावरून कुणी म्हणत नाही.

आता ऊर्जा. फॉरवर्डमध्ये रेकीला ‘ऋषिमुनींची विद्या’ म्हटलंय. प्रत्यक्षात ती मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास जपानात सुरू केली. ते असो. अमेरिकेत नर्सेसमध्ये रेकीसारखाच ‘थेरप्युटिक टच’ नावाचा प्रकार रुजला होता. शरीरापासून काही इंचांवर हात फिरवायचे आणि पेशंटचं ऊर्जाक्षेत्र तळव्यांना ‘जाणवून’ घ्यायचं. कोलोरॅडोतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी याची परीक्षा घेतली. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, त्याला खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्याने त्यांतून दोन्ही हात तळवे वर करून पलीकडे सरकवायचे. एमिली नाणं उडवून ठरवणार आणि एका तळव्यावर चार-पाच बोटांच्या अंतरावर आपला हात धरणार. प्रश्न एकच: माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे? दोन फेऱ्यांत तिने २१ जणांना मिळून २८० वेळा विचारलं. बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून ‘डावा, उजवा’ म्हणत राहिलं तरी निम्मी जमली असती! त्यातल्या दुसऱ्या फेरीत तर तिच्या हातांची ऊर्जा आधी चाचपून, तिने कोणता हात वापरायचा हे ठरवायची मुभा होती. त्या फेरीत आकडा ४१ टक्क्यांवर आला. १९९८ मध्ये हे ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जे जाणवतच नाही, ते वळवून रोग बरा कसा करणार, एवढाच प्रश्न उरतो.

याचा अर्थ डॉक्टरांना स्पर्शाचं वावडं आहे असा नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायच्या ‘कांगारू’ पद्धतीची पाच देशांत, दिल्लीतही, ३,२११ बाळांवर चाचणी झाली. जन्मल्याबरोबर छातीशी घेतलेल्या बाळांत २८ दिवसांच्या आतले मृत्यू १२ टक्के, दुसऱ्या गटात १५.७. स्पर्शाचा गुण असा मोजूनही दाखवता येतो.

प्रार्थनेच्या दाव्यामागे बहुधा १९८८ चा सॅन फ्रान्सिस्कोतला अभ्यास असावा. ३९३ हृदयरोगी, ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांची प्रकृती काही बाबतींत बरी राहिली, पण मृत्यूंत फरक नव्हता. पुढे २००६ मध्ये याहून कितीतरी मोठ्या अभ्यासाचे निकाल आले: सहा हॉस्पिटलं, बायपासचे १,८०२ पेशंट. प्रार्थना झाली पण कळवलं नाही, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के. झालीच नाही त्यांच्यात ५१. आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा आकडा शिताफीने वगळलाय. यावरून प्रार्थना घातक ठरत नाही. घरच्यांनी देव पाण्यात ठेवावेत, त्यांना धीर येतो. संशोधनाचं नाव मात्र पुढे करू नये.

खरी गोम ‘नुकसान तर काहीच नाही’ या चौथ्या दाव्यात आहे. कॅन्सरवर निदान एक तरी रीतसर उपचार घेतलेल्या, पण जोडीला अप्रमाणित पूरक उपचारही करणाऱ्या २५८ अमेरिकी पेशंटची तुलना येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तसं न करणाऱ्या १,०३२ जणांशी केली (२०१८). पूरक उपचारांचे प्रकार नाना होते, एकटी रेकी नव्हे. पाच वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात ८२.२ टक्के, दुसऱ्यात ८६.६. कारण जोडीच्या उपचारातलं विष नव्हे. पहिल्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी केमो नाकारली होती, दुसऱ्यात जेमतेम ३ टक्क्यांनी. रेडिएशनला नकार ५३ टक्के, दुसरीकडे सव्वादोन. ‘सोबत’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीने ठरलेल्या उपचाराची जागा बळकावली. घरोघरी हे असंच घडतं: ‘बरं वाटतंय ना, मग पुढची केमो जरा लांबवू.’

राहिलं ‘अनुभव घ्या’. विंचू उतरवणारे कोकणात गावोगाव होते आणि लोकांना गुणही यायचा. इंगळी (मोठा काळा विंचू) चावली की ब्रह्मांड आठवतं, पण सहसा माणूस दगावत नाही. काही तासांत कळ आपसूक ओसरते, मंत्र म्हणा नाहीतर गप्प पडून राहा. लाल विंचवाचं तसं नाही. दरदरून घाम, हातपाय गार, मग फुफ्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर रक्तदाबाची प्राझोसिनची गोळी वापरली आणि माणसं वाचू लागली. तरी ‘मला गुण दिसला’ म्हणून ते थांबले नाहीत. जोडीला प्रतिविषही द्यावं का, हे त्यांनी ७० पेशंटचे दोन गट करून तपासलं: दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषासह ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. जोडीचा उपचार पारखायचा तो असा.

केमोच्या दिवसांत झोप लागावी म्हणून कुणाला डोक्यावर हात ठेवून घ्यायचा असेल तर घ्यावा, डॉक्टरांना सांगून आणि केमोची तारीख न चुकवता. त्या मोबाइल नंबराबद्दल मात्र एक सांगायला हवं. मंत्र, ताईत, कवच किंवा तशाच चमत्कारी शक्तीच्या उपायाने रोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या रोगांच्या यादीत कॅन्सरही आहे आणि मधुमेहही.