डास उन्हाने मरतात, म्हणून डेंगी जाणार?

आत्याने जिन्याखालचं पिंप घासणं सोडलंय. का, तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'तापमान वाढतंय, आता डास आपोआप मरतील. हवामानबदलाने रोग पसरतात ही अफवा आहे. डेंगीचे डास गटारात होतात, घरात भीती नाही. डेंगी पूर्वीही होताच.' अहो, ती पुण्यात राहते, आणि हा पावसाळा आहे!

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक. पारा चाळिशीपार गेला की डास तगत नाहीत, हे खरं. पण डेंगीची साथ मे महिन्यातल्या भर उन्हात येत नाही, पावसाळ्यात आणि त्यानंतर येते. तेव्हाची हवा तापली की वेगळंच होतं. रुग्णाला चावलेल्या मादीच्या लाळेत विषाणू उतरायला साधारण आठ-बारा दिवस लागतात, आणि ती जगते जेमतेम दोन-तीन आठवडे. उबेने विषाणू उतरायचे दिवस घटतात, म्हणजे मरण्याआधी आणखी माणसांना चावायला तिला वेळ मिळतो.

पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहराची आकडेवारी तपासली, अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सलग, की डेंगी वाढतो. पुण्यातले डेंगीचे मृत्यू २०३० पर्यंत १३ टक्क्यांनी, शतकाच्या मध्यावर २३ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. याला अफवा म्हणायचं?

त्याच अभ्यासात असंही आहे की आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात. ठीक. पण जिन्याखालच्या पिंपात तो पाऊस पोचणार कसा?

गटाराचं तर साफ चूक. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो: पिंप, कुंडीखालची बशी, फ्रीजमागचा ट्रे.

डेंगी पूर्वीही होता, मान्य. शहर अस्ताव्यस्त वाढलं, पाणी दिवसाआड येतं म्हणून लोक साठवतात, हीही कारणं आहेतच. त्यात आता तापत्या हवेची भर पडली आहे.

आत्या म्हणाली, "पाणी तर मी ओतूनच टाकते की." पण अंडी पाण्याच्या रेषेवर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी भरलं की फुटतात. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, पाळताना पिंप घासावंच लागतं. तिचे गुडघे दुखतात. रविवारी काथ्या घेऊन मीच जाणार आहे.