‘500 वॅटचं म्हणून दिलं, ड्रमसमोर ऐकूच येत नाही’ – या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून 500 वॅटचं बेस हेड (बेस गिटारचा अँप) आणि एका 15 इंची स्पीकरची कॅब (स्पीकरचा डबा) घेतली. बँडमध्ये दोन गिटार आणि हात सैल सोडून वाजवणारा ड्रमर. बेस ऐकू येत नाही. नंतर कळलं की हेड या कॅबवर 300 वॅटच देतं, म्हणजे फसवणूक. मित्राची 4x10, म्हणजे 10 इंची चार स्पीकरची कॅब, सोबत जोडली तर अर्ध्या तासात हेड बंद पडलं. सर्व्हिसवाल्यांनी ‘हेडमध्ये काही नाही’ म्हणून परत पाठवलं, आणि आम्ही पैसे परत देत नाही.

आधी आमची चूक. बिलावर ‘बेस हेड 500 वॅट, कॅब 1x15’ एवढंच लिहिलंय. कॅब 8 ओमची आहे (ओम म्हणजे करंटला होणारा अडथळा), हेडला कमीत कमी 4 ओम लागतात आणि 8 ओमवर ते 300 वॅट देतं, या तिन्ही गोष्टी बिलावर यायला हव्या होत्या. आणि बँड कसला वाजवतो, पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये) बेस जातो की फक्त गाणं, हे काउंटरवर विचारलंच गेलं नाही. विचारलं असतं तर ही कॅब तुम्हाला दिलीच नसती. म्हणून कॅब आम्ही परत घेतोय. हेड मात्र परत घेणार नाही, कारण त्यात खरंच काही बिघाड नाही.

500 आणि 300चं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच दिसतोय. अशा हेडवर छापलेला मोठा आकडा 4 ओमवरचा असतो. ओम दुप्पट झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी ओढला जातो आणि वॅट उतरतात. हे सगळ्याच कंपन्यांचं आहे: फेंडरचा रम्बल 500 कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) आतल्या स्पीकरवर 350 वॅट देतो, बाहेरून 8 ओमची कॅब जोडली की मिळून 4 ओम होतात आणि तो 500 देतो. पण कानाला हा फरक किती? 300चे 500 झाले की आवाज वाढतो साधारण 2 डेसिबल. बँड वाजत असताना ते लक्षातही येणार नाही. वॅट दुप्पट केले तर 3 डेसिबल, दहापट केले तर 10. म्हणजे उद्या तुम्ही 1000 वॅटचं हेड याच कॅबवर लावलंत तरी तक्रार हीच राहील, फक्त सोबत स्पीकरची जळकी कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) असेल.

कमी पडतोय तो डबा.

15 इंची म्हणजे जास्त बेस, ही समजूत इंदुरात घट्ट बसलीय. त्याला कारण रंगपंचमीच्या गेरमधले (मिरवणुकीतले) ट्रक. तिथे ‘बेस’ म्हणजे 18 इंची पेट्या, आणि पेटी जितकी मोठी तितकी छाती हादरणार. पण त्या पेट्यांना फक्त खालचा पट्टा देतात, 80-100 हर्ट्झच्या आसपास कापून. चार तारांच्या बेस गिटारलाही 41 हर्ट्झपासून थेट दोन-तीन हजारांपर्यंतचं सगळं एकाच डब्यातून काढायचं असतं. आता हवा कोण जास्त ढकलतं ते बघा. 15 इंची कोनचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं) कामाचं क्षेत्रफळ साधारण 850 चौरस सेंटीमीटर. 10 इंचीचं साधारण 350, म्हणजे चार मिळून 1400. वर 4x10 तेवढ्याच वॅटला बहुधा 3-4 डेसिबल जास्त आवाज देते, जे तुम्हाला हेडकडून वॅट दुप्पट करून मिळवावं लागलं असतं. 1969मध्ये अँपेगचं एसव्हीटी हेड मोठ्या मैदानांसाठी आलं, तेही 300 वॅटचंच होतं. पण त्याच्यासोबत 8x10च्या दोन कॅब धरलेल्या होत्या, सोळा स्पीकर. तुमच्याकडे तेवढेच 300 वॅट आणि स्पीकर एक.

एकट्या स्पीकरचं आणखी एक दुखणं आहे. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की कोनला चौपट हालचाल करावी लागते. तुमचा बेस पाच तारांचा आहे, त्याची सगळ्यात जाड तार, बी, 31 हर्ट्झची. भोक असलेली कॅब ज्या सुराला ट्यून केलेली असते त्याच्या खाली डब्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन नुसता फडफडतो. तुम्ही लिहिलंय, ‘बी वाजवली की फर्र आवाज येतो’, तो हाच. कॅबवर लिहिलेले 400 वॅट कॉइल किती तापून टिकेल ते सांगतात. कोनची हालचाल खालच्या सुरांवर त्याच्या अर्ध्या वॅटवरच संपू शकते. (कॅबवर ‘आरएमएस’, म्हणजे सलग पेलता येणारे वॅट, न लिहिता नुसतं ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ असेल तर तो आकडा वाचूच नका.) साधारण 40 हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला की फर्र जातं. सूर मात्र जात नाही, कारण बी आपल्याला ओळखू येते ती 62 आणि 93 हर्ट्झच्या तिच्या वरच्या सुरांवरून.

आता नॉब. रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत बेस पूर्ण उजवीकडे आणि मिड (मधले सूर) जवळजवळ शून्यावर आहे. खोलीत एकट्याने वाजवायला हा आवाज गोड लागतो, पण ड्रमरने पहिली क्रॅश झांज मारली की विरघळतो. बेसचा नॉब पूर्ण फिरवला, समजा 12 डेसिबल वाढवले, तर त्या पट्ट्याला 16 पट वॅट लागतात. म्हणजे खालचे सूर 300 वॅट गिळतात तेव्हा बाकी सगळ्या आवाजाला वाट्याला येतात जेमतेम 19. ऐकू काय येणार? पुढच्या प्रॅक्टिसला एवढं करून बघा, पैसा लागत नाही: बेसचा नॉब घड्याळातल्या 12च्या जागी (मधोमध), किंवा 11च्या. मिडची फ्रिक्वेन्सी निवडता येते, ती 500 ते 800 हर्ट्झच्या मध्ये ठेवा आणि 3-4 डेसिबल चढवा. आणि दोन्ही गिटारवाल्यांना त्यांच्या अँपवरचा बेस खाली घ्यायला सांगा. गिटारचं 100 हर्ट्झखालचं कुणालाच ऐकू येत नसतं, ते फक्त तुमची जागा खातं. एकट्याने वाजवताना तुमचा आवाज आता जरा नाकात बोलल्यासारखा वाटेल. तो तसाच हवा.

मित्राच्या 4x10चा घोटाळा मात्र गंभीर होता. ती 4 ओमची, तुमची 8ची. दोन्ही एकाच हेडला लावल्या की मिळून 2.67 ओम होतात. किमान 4 ओमच्या हेडकडून दीडपट करंट मागितला जातो. हळू वाजवताना काही कळत नाही; आवाज चढवला, हेड तापलं आणि प्रोटेक्शनने ते बंद केलं. सर्व्हिसवाल्यांनी योग्य लोडवर चालवलं, ते चाललं, म्हणून ‘काही नाही’. ट्यूबचं हेड असतं तर इतक्या स्वस्तात सुटला नसतात. तिथे चुकीच्या ओमला किंवा कॅब न जोडता वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेततं. दोन 8च्या मिळून 4, हे जोडकाम चालतं. दोन 4च्या मिळून 2, हे या हेडला चालत नाही. कॅबची मागची पट्टी वाचायची सवय लावा.

तुमचा पुढचा प्रश्न बहुधा असा असेल: मग 15 ठेवतो, 8 ओमची 4x10 घेतो? ओम जुळतील, हेड पूर्ण 500 देईल, तरीही आम्ही नको म्हणू. दोन्ही कॅबना 250-250 वॅट जातील. 4x10मध्ये ते चौघांत वाटले जातात, प्रत्येकी 62. 15ला सगळे 250 एकट्याला. तो सगळ्यात आधी दमणार आणि 4x10 अर्ध्या ताकदीवर असतानाच तुम्हाला आवाज कमी करावा लागणार.

तुमच्या बँडसाठी आमची पसंती 8 ओमच्या, एकाच मॉडेलच्या दोन 2x10. एकावर एक ठेवल्या की स्पीकर चारच, पण वरचे दोन कानाच्या जवळ येतात. एका 4x10पुढे एक मीटरवर उभं राहिलं तर आवाज गुडघ्यांना लागतो. तुम्हाला वाटतं बेस कमी आहे, तुम्ही वाढवता, आणि पाच मीटरवरचा माणूस कानात बोटं घालतो. दुसरं म्हणजे रामबागेतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत अरुंद जिन्याने 40 किलोची 4x10 चढवायला दोघं लागतात. 2x10 एकटा माणूस नेतो आणि रिक्षातही बसते. छोट्या कार्यक्रमाला एकच न्या. आज एकच परवडत असेल तर एक घ्या, पण 8 ओमचीच. 4 ओमची एकटी कॅब हेडचे पूर्ण वॅट काढते खरी, पण पुढे दुसरी जोडायचा रस्ता बंद करते. एकूण बजेटचे तीनातले दोन भाग डब्यांवर घाला, एक हेडवर.

जुनी कॅब स्वस्तात मिळत असेल तर आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही, फक्त मल्टीमीटर घेऊन जा. 8 ओमची कॅब मीटरवर साधारण 5.5 ते 7 दाखवते, 4ची 3 ते 3.5. आठ ओमचे चार स्पीकर असलेली 8 ओमची 4x10 जर 12च्या आसपास दाखवत असेल, तर एका स्पीकरची कॉइल उडालीय आणि तिच्या जोडीचाही गप्प आहे. विकणारा ‘वाजते तर आहे’ म्हणेल, अर्धीच वाजते. जाळी काढून प्रत्येक कोन दोन्ही हातांनी सारखा दाबत आत न्या, खरखर लागली तर कॉइल घासतेय, रीकोनचा (कोन आणि कॉइल बदलण्याचा) खर्च किमतीतून वजा करा. मग 9 व्होल्टची बॅटरी कॅबच्या वायरला क्षणभर टेकवा: सगळे कोन एकाच दिशेला उडी मारायला हवेत. एक उलटा जात असेल तर कुणीतरी दुरुस्तीत तारा उलट्या लावल्यात आणि तो बाकीच्यांचा बेस खातोय. पार्टिकल बोर्डचा डबा खालून पावसाळ्यात फुगलाय का तेही बोट फिरवून बघा.

केबलबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण फोटोत हेड आणि कॅबच्या मध्ये गिटारची केबल दिसतेय. ती आजच काढा. तिच्यातली आतली तार केसाएवढी बारीक असते. एवढा करंट गेला की तापते, वितळली तर शॉर्ट. महाराणी रोडवर अडीच एमएमची दोन तारांची लवचीक वायर मीटरने मिळते. दीड मीटर वायर आणि दोन स्पीकॉन (स्पीकर केबलचे प्लग) घ्या, वायर 1+ आणि 1- ला कसा, झालं.

तर व्यवहार असा. 15ची कॅब चांगल्या स्थितीत, बिलासकट आणा. बिलातली कॅबची पूर्ण रक्कम 8 ओमच्या कुठल्याही कॅबमध्ये वळती करू, किंवा नुसते कॅबचे पैसे हवे असतील तर तेही देऊ. वळती करणार असाल तर दोन 2x10 आधी दोन प्रॅक्टिसना घेऊन जा, ड्रमरसमोर वाजवा, मग ठरवा. स्पीकॉनची केबल आमच्याकडून, तीही आम्हीच विकताना द्यायला हवी होती. हेडची तपासणी तुमच्यासमोर 4 ओमच्या लोडवर अर्धा तास चालवून करू. त्यात ते बंद पडलं तर आमचं म्हणणं चुकीचं आणि हेड वॉरंटीत. येताना तुमचा पाच तारांचा बेस आणा, दुकानातल्या बेसवर जाड बी नाही.