बोलावता कशाला, जागा द्यायची नसेल तर?

सकाळी सातला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की परदेशी व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नये. पोलिसांचा त्रास होतो.' खाली अकरा अंगठे. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "अगं, मुलगी गोड आहे, मला आवडली होती. पण आता यांनी असं लिहिलंय. मला मेलीला या वयात कशाला भानगड?"

काकूंवर मी रागावले नाही. बाकी सगळ्यांवर रागावलेय, म्हणून कॉलेजला जायच्या आधी हे लिहायला बसले.

मुलगी पोलंडची आहे. मराठी बोलते आणि मोडी माझ्यापेक्षा सराईत वाचते. अठराव्या शतकात विधवांनी पेशवे सरकारकडे केलेले अर्ज वाचायला पुण्याच्या पेशवे दफ्तरात सात महिन्यांसाठी आलीय. आपणहून उठून आलेली नाही. इथल्या एका विद्यापीठाने पत्र देऊन बोलावलं, त्या पत्रावर व्हिसा मिळाला. पत्रात 'सर्वतोपरी सहकार्य करण्यात येईल' असं छापलंय. सहकार्य म्हणजे अतिथिगृहात आठ दिवस. नवव्या दिवशी खोली बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हवी होती, हिचं सामान व्हरांड्यात. आता ती डेक्कनला एका लॉजवर राहते आणि दफ्तरात जुन्या कागदांची गाठोडी, म्हणजे रुमाल, उघडून बसायचं, त्या वेळात ब्रोकरच्या स्कूटरवर मागे बसून फ्लॅट बघत हिंडते.

हा नुसता झोपायच्या जागेचा प्रश्न नाहीये. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असला की आल्यापासून १४ दिवसांत सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. नोंदणीला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार लागतो, आणि कराराला सही करणारा मालक. हिच्याकडे आधार नाही, म्हणजे घरबसल्या अंगठा लावून करार होणार नाही. मालकाला हिच्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन बसावं लागणार. वर परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, तेही मालकानेच. सत्तरीच्या काकूंनी हे सगळं करायचं? ज्यांनी बोलावलं त्यांच्या कचेरीत एवढी माणसं आहेत, त्यातल्या एकाने दोन दिवस हिच्याबरोबर फिरायला काय हरकत होती? आज तिचा अकरावा दिवस आहे.

मी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी हायडेलबर्गला गेले होते. पोचले ती रविवारी संध्याकाळी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पाऊस, दोन बॅगा, एका बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि दोन किलो तांदूळ, पण भात कशात शिजवायचा याचा पत्ता नाही. पाहुण्या संशोधकांच्या इमारतीच्या दारात तिथलं काम बघणाऱ्या बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. साठीच्या असतील. त्यांचं इंग्रजी आणि माझं जर्मन, दोन्ही दहा-बारा शब्दांचं. खोलीत नेलं. टेबलावर ब्रेड, सहा अंडी, दुधाचा डबा आणि एक निळं पातेलं. कडेला टवका उडालेला, झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी भांड्याचं. पातेल्याखाली एक कागद ठेवलेला, मालकाची सही झालेला. तिथेही नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदवायचं असतं आणि त्यासाठी घर देणाऱ्याचा दाखला लागतो. त्याशिवाय पुढची कामं अडतात. मला तो दाखला मागावा लागलाच नाही. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख दाखवली, किल्ली दिली आणि गेल्या.

त्या रात्री मी त्या पातेल्यात भात लावला, मेतकूट-तूप कालवून खाल्लं आणि रडले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्या बाईला माझा नमस्कार सांग."

मला माहितीये लगेच कोण काय म्हणणार आहे. जर्मनीतही घरं मिळत नाहीत, म्युनिकसारख्या ठिकाणी पोरं महिनोन्महिने शोधतात. हो, शोधतात. आणि सोसायटीवाल्यांना चौकशीचा ताप होतो हेही खोटं नाही. पण मग तो ताप घ्यायचा कोणी? बोलावणाऱ्याने की आलेल्याने?

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही ना. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. देशभरच्या कॉलेजांतले शिक्षक तिथे येऊन काही दिवस राहून काम करतील, हा विचारच तिच्या पायात आहे. नारळीकर सरांनी संस्था उभी केली तेव्हा दुर्बिणीच्या आणि गणिताच्या बरोबरीने माणसं उतरणार कुठे हेही बघितलं होतं. सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेतही अभ्यासकाला राहायची जागा मिळते, ती मुळात निवासी संस्थाच आहे. मग इतिहासवाल्यांनी आणि भाषावाल्यांनीच ब्रोकरच्या स्कूटरवर का बसायचं?

भांडारकर संस्था १९१७ ची, इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, डेक्कन कॉलेज तर १८२१ चं. भाषणात ही सालं आपण छाती फुगवून सांगतो. एलिनॉर झेलियट बाई आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासासाठी इथे आल्या, अ‍ॅन फेल्डहाउस महानुभावांसाठी आल्या, गुंथर सोंथायमर धनगरांच्या आणि खंडोबाच्या मागे रानोमाळ हिंडले. सोंथायमर हायडेलबर्गचेच. तिथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांच्या कपाटासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं होतं. ही माणसं पुन्हा पुन्हा महाराष्ट्रात आली ती काय नुसत्या पोथ्यांसाठी? कुणीतरी जेवायला वाढलं असेल, कुणीतरी खोली उघडून दिली असेल. आज त्याच शहरात मोडी वाचणाऱ्या मुलीला लोक विचारतात, मांसाहार करता का, रात्री किती वाजता येणार, लग्न झालंय का.

खरं तर परदेशी म्हणून हिच्याशी निदान गोड बोलतात. गेल्या वर्षी आमच्या विभागात श्रीनगरचा एक संशोधक तीन महिन्यांसाठी आला होता. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा, नाव सांगितलं की भाचा येणार असायचा. सतरा घरं बघितली त्याने, वहीत लिहून ठेवली होती. शेवटी कोंढव्यात जागा मिळाली आणि रोज दोन बस बदलून यायचा. त्याने एकदाही तक्रार केली नाही. या गोष्टीचीच मला जास्त लाज वाटते. मणिपूरच्या मुलींचे अनुभव तर इथे लिहवत नाहीत.

मागणी काय आहे माझी? राजवाडा नको. विद्यापीठाने चार-पाच खोल्या लांब मुक्कामाच्या माणसांसाठी राखून ठेवाव्यात, परीक्षक आले तरी रिकाम्या करायच्या नाहीत. नोंदणीचे कागद विद्यापीठाने स्वतःच्या शिक्क्याने द्यावेत. आणि एक माणूस, फक्त एक, ज्याचा नंबर आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी मिळेल. सिम कार्ड कुठे, गॅस कोणाकडे, ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे, एवढं सांगणारा. हायडेलबर्गच्या त्या बाई काही प्राध्यापक नव्हत्या. किल्ल्या सांभाळायच्या. पण मी तिथे जे काही काम केलं ते पहिल्या रात्री पोटभर जेवून झोपले म्हणून केलं, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

निघताना ते निळं पातेलं मी परत करायला गेले. बाईंनी घेतलं नाही. पुढे कुणी येईल त्याच्यासाठी खोलीतच ठेव, अशी खूण केली. मी घासूनपुसून ओट्यावर ठेवून आले.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. सेक्रेटरींना मघाशी फोन केला. ते म्हणाले, 'मॅडम, रविवारी दहाला मीटिंग आहे, तुम्ही बोला.' बोलणारच आहे. पण रविवारपर्यंत तिचे १४ दिवस संपतात.

म्हणून आता मुद्द्याचं. डेक्कन, प्रभात रोड, एरंडवणे, कर्वे रोड, कॅम्प, कुठेही चालेल. एक खोली आणि ओटा, सात महिन्यांसाठी. भाडं वेळेवर मिळेल. निबंधकाच्या कचेरीत मी तुमच्याबरोबर येते, ऑनलाइन कळवायचं कामही शेजारी बसून करून देते. आमच्याकडे दुसऱ्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, नाहीतर हे तुम्हाला विचारलंच नसतं. आज रात्रीपर्यंत इनबॉक्समध्ये सांगा. भांडी नसली तरी चालेल, ती मी देते.